बुरशीचा कप्पा

सजीवांचं वर्गीकरण मला झोपेतून उठवून विचारा! बावीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवतोय. त्यामुळे बायको म्हणाली, "अहो, मी मैदा आणायला जातेय, तेवढा फ्रिज लावून ठेवा," तेव्हा मी बाह्याच सरसावल्या.

बटाटे, टोमॅटो, वांगी, मिरच्या एकाच कुळातल्या, म्हणून एका कप्प्यात. गाजर आणि कोथिंबीर जवळचे नातलग, त्यांना दुसरा. अंडी प्राण्यांत. उरले मशरूम आणि बायकोची काचेची बरणी. बरणीत पावाचं आंबवण होतं. तीन वर्षं ती त्याला पोटच्या पोरासारखं खाऊपिऊ घालत होती आणि उद्या त्यातूनच आमच्या शाळेच्या कँटीनचे साठ पाव व्हायचे होते. तिची पहिली मोठी ऑर्डर! आता आंबवणात असतं यीस्ट, आणि यीस्ट काही वनस्पती नव्हे, मशरूमसारखी बुरशीच; म्हणून दोन्ही एका कप्प्यात. मी ठसठशीत अक्षरांत चिठ्ठी लिहून बरणीवर चिकटवली: 'बुरशी'.

छाती फुगवून अंघोळीला गेलो. बाहेर येतो तर चार दिवसांसाठी आलेल्या सासूबाई सिंकपाशी बरणी घासतायत!

"जावईबापू, चिठ्ठी लावलीत ते बरं केलंत! मला कुठली दिसायला बुरशी, या डोळ्यांनी?"

"आई, त्यातलं आंबवण?"

"ओतलं की! काय तो आंबूस वास! मशरूमही टाकले."

"अहो, ती चांगली बुरशी होती!"

"बुरशीत चांगली-वाईट असते होय? हेच शिकवता मुलांना?"

तेवढ्यात बायको आली. रिकामी बरणी बघून तिचे डोळेच भरले.

"बुरशी कोणी लिहिलं?"

अक्षर माझं, मार्कर माझ्या खिशात, शाई माझ्या बोटांना!

"आईंनी ओतलं," मी म्हणालो.

शेजारणीला तिने मागे वाटीभर आंबवण दिलं होतं, म्हणून निभावलं. त्यातलं थोडं परत आणून संध्याकाळपर्यंत दोघी मायलेकी ते वाढवत बसल्या. मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही.

सकाळी बायकोने इस्त्रीचा शर्ट हातात दिला. मला वाटलं, राग गेला! शाळेत मात्र मी फळ्याकडे वळलो रे वळलो की वर्ग खिदळायचा. शेवटी शिपाई म्हणाला, "सर, पाठीवर चिठ्ठी आहे."

बायकोचं अक्षर: 'अपृष्ठवंशी. कणा नाही.'

शास्त्राच्या दृष्टीने हे साफ चूक आहे. तिला कोणीतरी सांगायला हवं. तुमच्यापैकी कोणी सांगेल का?