एक्केचाळीस काळ्या लेबलांचा निकाल

रुग्णालयाच्या तपासणी विभागात नमुन्यांवर हाताने नावे लिहिण्याची मागास पद्धत बंद झाली आणि बारकोड छापणारे यंत्र दाखल झाले. पेनाने लिहिलेली डबी यापुढे बाद, असे परिपत्रकही निघाले. यंत्र शहाणे होते. अडचण एवढीच, की त्यात कोणता कागद घालायचा हे खरेदी अधिकारी ठरवणार होते.

लेबले छापणाऱ्या तंत्रज्ञ बाई तणतणत त्यांच्याकडे गेल्या.

"साहेब, हा कागद उष्णतेनेच काळा होतो, म्हणून तर त्यावर शाईशिवाय छापता येतं. पण आमच्या डब्या आतल्या गाठीच्या तुकड्यात मेण मुरवायला साठ अंशांच्या ओव्हनमध्ये जातात. अख्खं लेबल काळं पडेल!"

"म्हणजे छपाई अधिक ठळक होईल," साहेबांनी टिपून घेतले.

"रिबन हवी, साहेब. तिच्यावरची शाई वितळून साध्या लेबलवर बसते. मग डबी कितीही तापवा, अक्षर हलत नाही."

"रिबन? तशी रीतसर मागणी करा. तोवर काम खोळंबता कामा नये."

बाईंनी तीन प्रतींत मागणी केली आणि तोवर चोरून पेनानेच नावे लिहिली. दीड महिन्याने तीस मीटर लाल साटीन आणि एक कात्री आली. सोबत पत्र होते : 'उद्घाटन कोणाच्या हस्ते, हे उलट टपाली कळवावे.' बाईंनी कपाळावर हात मारला. रिबन पोचली म्हणून पेन जप्त झाले. त्या दिवशी ओव्हनमध्ये यंत्राची लेबले लावलेल्या एक्केचाळीस डब्या होत्या आणि त्यांतल्या एकीत त्यांच्या थोरल्या बहिणीच्या मानेतून काढलेली गाठ होती. दार उघडले, तर सगळी लेबले सारखीच काळीठिक्कर. कोणाची गाठ कोणती, काही कळेना.

तातडीने समिती बसली. अध्यक्षस्थानी अर्थातच खरेदी अधिकारी होते.

"ज्या नमुन्याला नाव नाही, त्याला रुग्ण नाही," ते म्हणाले. "आणि रुग्णच नाही म्हटल्यावर रोग कसला?"

समितीतल्या दोन्ही डॉक्टरांनी माना डोलावल्या. एक्केचाळीस जणांना 'नॉर्मल' असे रिपोर्ट गेले.

"अगं, सुटले बाई! नॉर्मल आलं!" बहिणीचा फोन आला.

बाईंना रडूच फुटले. "ताई, फाडून टाक तो कागद. मी येतेय. दुसरीकडे सगळं पुन्हा तपासू."

उरलेल्या चाळीस जणांनाही कळवू द्यावे, असा अर्ज बाईंनी केला आहे. तो विचाराधीन आहे. ती माणसे सध्या निर्धास्त आहेत, झोपही छान लागते म्हणतात. परवा तुम्हीही सांगत होतात ना, रिपोर्ट एकदम नॉर्मल आला म्हणून?