बाईसाहेबांचा पुढचा डावा पाय

मंडळी, घोडा कुठल्या पायाने लंगडतोय हे मी डोळे मिटून सांगू शकते! बरं, मिटून नाही, अर्धवट मिटून. पण सांगू शकते! ‘घोड्याची समग्र काळजी’ या विषयावरचं अख्खं शिबिर करून आलेय मी. तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, “दुखणं पायात दिसलं म्हणून पायातच शोधू नका. अख्खा घोडा बघा! खूर बघा, पाठ बघा, दाणापाणी बघा, त्याचं मन बघा!” मी इतकी शहाणी होऊन परतले की घरात शिरताशिरता सांगितलं, “बाबा, तुमचं वजन मागच्या पायांवर जास्त पडतंय.”

“मला दोनच आहेत,” बाबा म्हणाले. असो. अडाणी माणसं.

माझ्या मामाची घोडेस्वारी शिकवायची शाळा आहे. तिथल्या एका तांबूस घोडीला आम्ही बाईसाहेब म्हणतो. रंगाने तांबूस, स्वभावाने मुख्याध्यापिका. रविवारच्या शर्यतीत तिच्यावर बसून मी अडथळे पार करणार होते. आयुष्यातली पहिली स्पर्धा! मामाच्या मागे वर्षभर भुणभुण केली तेव्हा कुठे तो हो म्हणाला, तेही अटीवर. “घोडी ठणठणीत असेल तरच. दुखत्या जनावराला पळवून बक्षीस आणणारी भाची मला नको.” आणि मी तर अख्ख्या वर्गाला आमंत्रण देऊन बसलेली!

स्पर्धेसाठी मी गुडघ्यापर्यंतचे काळेभोर बूट घेतले. दुकानात आई म्हणाली, “एक नंबर मोठे घे गं.”

“आई! घोडेस्वारीचे बूट पायाला चिकटूनच बसावे लागतात!”

चिकटले. पाकिटाला तिकीट चिकटावं तसे चिकटले.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी तडक तबेल्यात गेले. म्हटलं, बाईसाहेबांची समग्र तपासणी करावी, त्या निमित्ताने बूटही मऊ होतील. दोर धरला आणि अंगणातून तिला दुडक्या चालीने पळवलं. मी शेजारून पळतेय, माझी टाच जराशी कुरकुरतेय, पण ज्ञानापुढे टाच ती काय! आणि बघते तर काय, बाईसाहेबांची मान वरखाली, वरखाली! घोड्याचा दुखरा पाय जमिनीवर पडला की तो मान उडवतो, हे तर शिबिराच्या पहिल्याच तासाला शिकवलं होतं!

“मामाऽऽ! पुढचा डावा!”

मामा दाण्याच्या खोलीतून कोंड्याने माखलेला धावत आला. “काय झालं? कुणाचा डावा?”

“बाईसाहेबांचा! लंगडतेय!”

“सकाळी तर बरी होती. पळव बघू परत.”

मी पळवली. मान वरखाली. मामाचा चेहरा पडला. आज बुधवार, रविवारी स्पर्धा!

मग सगळे जमले. मोतद्दारकाका, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे आमचे काका, लांबून बघून म्हणाले, “खांदा आखडलाय.” त्यांनी तेल कोमट करून तिचा खांदा असा चोळला की बाईसाहेबांचा खालचा ओठ लोंबायला लागला. चोळून झालं.

“पळव बघू!”

मी पळवली. मान आणखी जोरात!

दुसऱ्या दिवशी नालबंद आला. “खांदा कसला घेऊन बसलात? नाल टोचतोय!” त्याने नाल काढला, खूर तासला, नाल बसवला.

“पळव बघू!”

पळवली. आता तर ती मान नाही, हापसा झाला होता!

“कोंड्याचा शेक द्या.” दिला. पळव बघू! “खूर मिठाच्या पाण्यात बुडवा.” बुडवला. पळव बघू! “दाणा कमी करा, चारा वाढवा.” पळव बघू! माझी मामेबहीण, जिला घरात सगळे चिमणी म्हणतात, ती म्हणाली, “ताई, मला वाटतं ती उदास आहे.” मन! मन बघायचं राहिलंच होतं! चिमणीने बादली पालथी घालून तिच्यासमोर बसून अंगाईगीत म्हटलं. पळव बघू!

नवल म्हणजे, उपचार जितका चांगला, तितकी ती जास्त लंगडायची. दिसायला मात्र माहेरपणाला आल्यासारखी! अंग चमकतंय, गाजरं चघळतेय, मालिश संपली की दुसरा खांदा आपणहून पुढे करतेय! माझी टाच एव्हाना आत शिजत ठेवल्यासारखी झाली होती. पण घोडी आजारी असताना आपलं रडगाणं कोण गाणार? आणि आई “तरी मी सांगत होते” म्हणाली असती, ते वेगळंच.

शनिवारी सकाळी मामा म्हणाला, “डॉक्टरबाईंना बोलावलंय. त्या नाही म्हणाल्या तर मी नाव मागे घेतो.” मी बाईसाहेबांच्या गळ्यात पडले. डोळ्यांत पाणी आलं. तिने माझ्या खिशातलं गाजर काढून घेतलं.

जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या. खूर दाबून बघितले, सांधे वाकवून बघितले, पाठीवरून हात फिरवला. बाईसाहेब ढिम्म.

“पळव बघू,” त्या म्हणाल्या.

मी पळवली. मान वरखाली. डॉक्टरबाई मात्र हनुवटीला हात लावून भलतीकडेच बघत होत्या.

“आता तू थांब. काका, तुम्ही पळवा.”

मोतद्दारकाकांनी दोर घेतला. आणि बाईसाहेब अशा पळाल्या, अशा पळाल्या, जसं तापल्या तव्यावरून लोणी! मान सरळ!

“बरी झाली!” मी ओरडले. “अंगाईने बरी झाली!”

“परत मुलीकडे द्या.”

मी पळवली. मान वरखाली.

“ही तुझ्यावर रुसलीय का गं?” मामाने विचारलं.

“घोडी ठणठणीत आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “लंगडतेय ती ही पोरगी! टाच टेकली की दोराला लटकते. लटकली की घोडीची मान खाली, सावरली की वर. बूट काढ!”

मग चार जण एकदम माझ्या पायांकडे बघायला लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच!

बूट निघेना. मामाने ओढला. काकांनी मामाला ओढलं. चिमणीने मला बगलेत धरून उलटीकडे ओढलं. फट्! मामा काकांवर, काका गवतावर आणि मी चिमणीसकट मिठाच्या पाण्याच्या टबात! टाचेवर लिंबाएवढा फोड. त्यात मिठाचं पाणी! मी जी किंकाळी फोडली, तिने तबेल्यातले सगळे घोडे एकदम ठणठणीत झाले.

“अख्खी घोडी बघितलीस,” डॉक्टरबाई पट्टी बांधताना म्हणाल्या, “फक्त दोराचं दुसरं टोक बघायचं राहिलं!”

“म्हणजे उद्या स्पर्धेला...”

“घोडी जाईल. तू रिकिबीत पाय घालायचा नाहीस.”

मी मामाकडे बघितलं. मामाने आभाळाकडे बघितलं. “माझी अट तुला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “दुखतं जनावर मी पळवत नाही.”

रविवारी माझ्या जागी बाईसाहेबांवर चिमणी बसली, तीही मामाकडेच शिकलेली. आणि त्या चिमणीने दुसरा नंबर आणला की हो! मी कुंपणापाशी घसा फुटेस्तोवर ओरडत होते, थोडा रडकेपणा आला तो त्यातच खपून गेला. तेवढ्यात माइकवरून पुकारा झाला, “सर्वांत उत्तम निगा राखलेला घोडा... तांबूस घोडी, आणि तिची काळजी घेणारी ताई!” मी! चार दिवसांची मालिश, शेक आणि गाजरं सत्कारणी लागली! वर्गातली सगळी पोरं टाळ्या पिटतायत, आणि मी मामाची ढगळ चप्पल फटफटवत, लंगडत लंगडत मैदान ओलांडतेय.

पुढच्या रांगेतली एक बाई हळहळली, “अगंबाई! केवढीशी पोर! घोड्यावरून पडली वाटतं!”

“तरी हसतेय बघा,” शेजारचे गृहस्थ म्हणाले. “याला म्हणतात जिगर!”

आता मोठ्या माणसांचं बोलणं मध्येच तोडणं बरं दिसतं का? मी एक खोल उसासा सोडला, आणि उरलेलं मैदान जरा जास्तच लंगडले.