पहिला रोडगा देवाले

या सहलीत ताराचंदचा फायदा एका तासाचा होता. शनिवारी दुपारी चार ते पाच प्रफुलची नवी डर्ट बाइक त्याच्या एकट्याच्या हाती. बदल्यात त्याने कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची आणि सगळं सामान स्वतःच्या स्कूटीवर लादून न्यायचं. पिपरी मेघेच्या घरी त्याने हा व्यवहार बायकोला समजावून सांगितला, तेव्हा अंजू म्हणाली, "म्हंजे सैपाक तुमी करान, ओझं तुमी वाहान, अन् गाडी तो उडवन."

"एक तास मीबी उडवीन ना!" ताराचंद म्हणाला.

मित्र तिघे आणि गाडी एक. प्रफुलचं सावंगीला औषधांचं दुकान. तीन लाखांची गाडी घेऊन त्याला दोन महिने झाले होते, पण ती अजून डांबरावरून खाली उतरली नव्हती. विवेककडे तंबू होता आणि चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाइल. गिअर मात्र त्याने जन्मात टाकला नव्हता. तेव्हा प्रफुलने उडायचं, विवेकने ते टिपायचं आणि ताराचंदने भाजायचं, अशी वाटणी ठरली.

गिरडच्या पुढे एका गावाबाहेरच्या माळावर, मोहाच्या झाडाखाली तंबू लागला. वाटेतल्या नाल्याच्या वाळूत स्कूटी रुतायला लागली, म्हणून ती अलीकडेच ठेवून सामान डोक्यावर आणलं. मग प्रफुल चिलखत चढवायला बसला. गुडघ्यांना ढाली, कोपरांना ढाली, छातीला ढाल, आणि नडगीपर्यंत येणारे बूट. एकेक पट्टा आवळत त्याला पाऊण तास लागला. तोवर गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतून पहिले रोडगे निघाले. झाडाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला एक दगड होता. ताराचंदने घरच्या सवयीने पहिला रोडगा फोडला, वर तूप घातलं, दगडासमोर ठेवला आणि हात जोडले.

नेमकी तेव्हाच शेळ्या हाकत धुरपताबाई तिथे पोचली.

"कोनाचा नवस हाय, बाप्पा?"

"नवस नाई, मावशी. आमी असेच आलो फिराले."

"असंच कोनी वाघोबापुढं रोडगा ठेवते काय? नवस फेडाले आले, तं लाजता काऊन?"

देवाच्या तोंडावर दुसऱ्यांदा नाही म्हणायचा ताराचंदला धीर होईना. पण नवसवाल्याच्या मागे काहीतरी लचांड लागणार, हेही त्याने ओळखलं. चार ते पाचचा विचार करून त्याने बोट प्रफुलकडे केलं. "याचा हाय. नवी गाडी झाली ना."

"मंग सांगाचं नाई?" म्हणत धुरपताबाई शेळ्या तिथेच सोडून गावाकडे वळली.

अर्ध्या तासात माळावर वीस माणसं आली. मागून आणखी येताना दिसत होती. धुरपताबाईने प्रफुलला नियम सांगितले. "आल्या मानसाले उपाशी धाडाचं नाई. पंगत उठेपर्यंत तू इथून हलाचं नाई. अन् वाढाचं अनवानी. काढ बूट."

"मावशी, घालाले पाऊण तास लागला!"

"काढाले तेवढा लागत नाई."

बुटाचे पट्टे सोडता सोडता प्रफुल दातओठ खात म्हणाला, "ताऱ्या, माझं नाव काऊन घेतलं बे?"

"तुझीच गाडी हाय ना. माझ्या स्कूटीचा नवस कोन बोलते?"

कणीक होती दोन किलो. धुरपताबाईचा अंदाज शंभर माणसांचा. बाकीचं पीठ गावातल्या दुकानातून आणायचं, तर स्कूटी नाल्यापलीकडे, नवसवाला जागेला बांधलेला आणि विवेकचं गिअरशी वाकडं. अशा रीतीने बारा वाजून पंधरा मिनिटांनी, ठरल्या वेळेच्या पावणेचार तास आधी, गाडी ताराचंदच्या हाती आली.

"क्लच हळू सोडजो. वाळूत ब्रेक दाबू नको. अन् एक बी ओरखडा—" प्रफुलचं वाक्य राहिलं, कारण बायांनी त्याच्या हाती पाण्याची बादली दिली.

पहिल्या खेपेत पिठाचं पोतं आलं. दुकानदार घनश्यामने पैसे प्रफुलच्या मोबाइलवरून आल्याची खात्री केली, मग गाडीभोवती एक चक्कर मारली. "तीन लाखाची गाडी अन् मांगं सामान ठेवाले कॅरेज नाई? फसवलं तुमाले." दुसऱ्या खेपेत वांगी आणि तेल आलं, तिसऱ्या खेपेत भाजी शिजवायला गावचा मोठा गंज, म्हणजे पातेलं. सीट आधीच फळीच्या धारेसारखी अरुंद. तिच्यावर सामान बसे आणि ताराचंद उरलेल्या चार बोटांवर.

चौथ्या खेपेला रस्त्यात लहानूबुवा काठी आडवी धरून उभे. "गुडघे चालत नाईत. पन पंगत मी आजवर चुकवली नाई. नेजो मले."

त्यांना मागे घेऊन निघालेल्या ताराचंदला शेताचा बांध उशिरा दिसला. गाडी दोन हात हवेत गेली. ताराचंदने डोळे मिटले. गाडी खाली आदळली, तेव्हा मागून आवाज आला, "बैलबंडीपरीस बरी हाय. जाताना बी इकडूनच घेजो."

बुवा पंगतीत पोचायच्या आधीच ही बातमी गावात पोचली असावी, कारण त्यानंतर गावातल्या आणखी आठ म्हाताऱ्यांचे गुडघे चालेनासे झाले, आणि नऊच्या नऊ जणांना परतताना त्याच बांधावरून जायचं होतं.

इकडे विवेकचे हात कोपरापर्यंत पिठात होते आणि डोळे धुरात. "असं मळतेत काय रे?" धुरपताबाई त्याला विचारत होती. "कोनाची पाठ चोळून राह्यला काय? जोर लाव!" मोबाइल खिशात कधीचा गप्प होता. प्रफुल गोखरूंच्या काट्यांतून अनवाणी नाचत भाजी वाढत होता, आणि बाया कौतुकाने म्हणत होत्या, "पोरगा भक्तीनं कसा डोलते, पाहा."

चौऱ्याण्णव पानं उठली. शेवटच्या म्हातारीला घरी सोडून ताराचंद उतरला तेव्हा सहा वाजले होते, आणि त्याचे पाय एकमेकांजवळ यायला तयार नव्हते. तो तंबूत शिरला आणि पालथा झोपला.

रविवारी सकाळी प्रफुल लंगडत आला. माणूस व्यवहाराला चोख. "ताऱ्या, तुझा एक तास बाकी हाय. कालचं धरमाचं काम होतं, ते मी धरत नाई. घे गाडी."

ताराचंदने सीटकडे पाहिलं. "राहू दे. मले माझी स्कूटी पायजे."

"स्कूटी मले पायजे! पाय सुजले, बुटात जात नाईत. गिअर कायनं टाकू?"

"मी कोनाच्याबी मांगं बसतो," विवेक मनगटं चोळत म्हणाला, "पन बसीन स्कूटीवरच."

तीन लाखांची गाडी मोहाखाली उभी होती आणि तिघे जण जुन्या स्कूटीच्या मऊ सीटसाठी भांडत होते. पण ज्याचे पाय शाबूत आणि ज्याला गिअर येतो असा माणूस एकच होता. प्रफुलने त्याला हेल्मेट घातलं, वर छातीची ढालही बांधली.

ताराचंद बसला आणि त्याच क्षणी उठला. मग तो बसलाच नाही. फूटरेस्टवर उभा राहून, पुढे झुकून, कंबर उचलून त्याने वर्धेचा रस्ता धरला. समुद्रपूरला पोरांनी शिट्ट्या मारल्या. एका ट्रकवाल्याने आपण होऊन बाजू दिली. चहाच्या टपरीवर एक जण दुसऱ्याला म्हणाला, "पक्का रायडर हाय. टेकतच नाई, पाह्य!"

"अन् मांगं स्कूटी चालवते तो अनवानी कोन?"

"सामानवाला असन."

सामानवाल्याने ते ऐकलं. त्याच्या मागे बसून विवेक शेवटी मोबाइल काढून टिपत होता, आणि टिपायला समोर ताराचंदच होता.

एकूण जमाखर्च असा. पीठ, तेल, वांगी, पेट्रोल आणि तळपाय प्रफुलचे गेले, मनगटं विवेकची गेली, आणि चौऱ्याण्णव माणसं जेवली. ताराचंदला एका तासाचे आठ तास मिळाले, रस्ताभर वाहवा मिळाली आणि पदरचा रुपयाही लागला नाही. त्याची भरपाई त्याने पिपरीला पोचल्यावर सुरू केली. अंजूने खुर्ची पुढे केली, ती त्याने बाजूला सारली, आणि पुढचे आठ दिवस तो ओट्याशी उभ्यानेच जेवला.