नानांची तोंडमोजणी

नानांना नमस्कार केला की उत्तर यायचं, "तोंड उघडा." आशीर्वाद वगैरे सगळं तोंड पाहून झाल्यावर. लग्न होऊन नांदेडात आले तेव्हा शेजारचे वडीलधारे म्हणून मी त्यांच्या पाया पडले, तर या गृहस्थांनी मला जीभ बाहेर काढायला लावली. मी घाबरून सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "काढ गं, समद्या गल्लीनं काढलीय."

तेव्हा निजामाचं राज्य होतं. नाना सरकारच्या जमीन मोजणी खात्यात नोकरीला. साखळी घेऊन उमरी, हदगाव, मुखेड अशी शिवारं मोजत हिंडायचे, आणि साखळी खाली ठेवली की माणसांची तोंडं मोजायचे. लग्न त्यांनी केलंच नाही. प्रत्येक तोंडाची वेगळी मिसल, म्हणजे आपण आता फाईल म्हणतो ती, आणि तिच्यात त्या तोंडाचा नकाशा. दातांना एक ते बत्तीस नंबर. पडलेला दात म्हणजे पडीक जमीन, हिरड्या म्हणजे बांध, गाल म्हणजे गायरान. हे काय चाललंय म्हणून कुणी विचारलं की एकच उत्तर, "तहकीक करून राहिलो." तहकीक म्हणजे तपास.

तोंडात उजेड पाडायला त्यांच्या खिशात दाढीचा आरसा असे आणि जीभ दाबायला ज्वारीचं चिपाड. आरशाला ऊन लागायचं, त्यामुळे आभाळ आलं की तहकीक बंद. अशा दिवशी ते इतके चिडचिडे व्हायचे की त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल सकाळी उठून आधी आभाळ बघायचा.

मुखेडच्या बाजारात एकदा त्यांनी एका शेतकऱ्याला गाठलं. "तोंड उघड," म्हणाले. तो बैल विकायला आलेला माणूस, दात बघण्याचा अर्थ त्याला एकच ठाऊक. "म्या काय बैल हाय का?" तो खवळला. "माझा बैल बघा की! म्या इकायचा न्हाई!" नानांनी शांतपणे बैलाचे दात पाहिले, तारीफ केली, आणि खूश झालेला मालक हसला तेवढ्यात त्याचाही नकाशा उरकून घेतला.

गल्लीतले हकीमसाहेब मात्र त्रासले होते. नाना रोग्याच्या आधी त्याची मिसल पाठवायचे. "नाना, मरीज भेजो," हकीमसाहेब हात जोडायचे, "नक्शा नक्को भेजो!"

आम्ही हसायचो खरं, पण तहकीक खुळचट नव्हती. तंबाखूची चिमूट ज्या गालात, पांढरा चट्टा त्याच गालात. भाजल्या तंबाखूची मिसरी लावणाऱ्या बायांचं दुखणं हिरडीपाशी आणि ओठाच्या आत. हे त्यांनी शेकडो तोंडं बघून ताडलं होतं आणि भेटेल त्याला ते बजावायचे. बजावताना त्यांच्या डाव्या गालात मात्र स्वतःची चिमूट असायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

सुंदरा ही विठ्ठलची बायको, माझी जिवाची मैत्रीण. नाना तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यासमोर तोंड दाखवायचं नाही, शब्द बोलायचा नाही, ही त्या घरची रीत. नाना दारात खोकले की ती पदर हनुवटीपर्यंत ओढून भिंतीकडे वळायची. चौदा वर्षं नाना तिच्या हातचं जेवले, पण तिचा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता.

एक दिवस भाकरी खाताना सुंदराच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिचा खालचा ओठ ओढून पाहिला तर आत खपलीसारखं पांढरं, आणि मधोमध भेग. ती दिवसातून चार वेळा मिसरी घासायची.

मी नानांना सांगितलं. त्यांनी कोरा नकाशा माझ्या हातात दिला. ते ओसरीवर बसले, सुंदरा आत, मी उंबऱ्यात. ते विचारायचे, मी आत बघून खूण करायची. भरलेला कागद त्यांनी दोनदा वाचला. "हे हकीमसाहेबांच्या हातचं न्हाई," म्हणाले. "हैदराबादेला न्यावं लागतंय. उशीर केला तर जिवावर बेतंल."

सुंदरा हटून बसली. "भासऱ्यासमोर कधी पदर ढळू दिला न्हाई, आन परक्या बाप्यापुढं आ करू? मेले तरी न्हाई." विठ्ठलनं समजावलं, रागावला, रडलासुद्धा. ती ऐकेना. आठ दिवस गेले. तिचं जेवण पेजेवर आलं.

नवव्या दिवशी दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. नाना आले आणि न खोकता थेट स्वयंपाकघरात शिरले. सुंदरा धडपडत भिंतीकडे वळली. नाना तिच्या पाठीमागे जमिनीवर बसले, चूळ भरून आले असावेत, आणि म्हणाले, "सुंदरे, माझं तोंड बघ."

तिनं पदर आणखी खाली ओढला.

"गावाची तोंडं बघितली म्या. माझं कुणी बघितलं न्हाई. तू बघ."

त्यांनी आ केला. बराच वेळ ते तसेच बसून राहिले, जबडा दुखायला लागला असेल तरी. शेवटी सुंदरा वळली. पदर मागे सारला, कोनाड्यातली चिमणी पेटवली आणि त्यांच्या तोंडाशी धरली. डाव्या गालात रुपयाएवढी जागा चुन्यासारखी पांढरी पडली होती आणि तिच्यात लाल चीर.

"कवापासनं हाय हे?" तिनं विचारलं. चौदा वर्षांत ती त्यांच्याशी बोललेले हे पहिले शब्द.

"तीन वर्सं झाली," नाना म्हणाले. "दाखवायची हिंमतच झाली न्हाई, बाई. हैदराबादेला जायचं तर मला लई भेव वाटतंय."

मला त्या माणसाची इतकी दया आली की मी पदरानं डोळे पुसले. सुंदरा मात्र रडली नाही. तिनं चिमणी खाली ठेवली आणि लेकराला दटावावं तशा आवाजात म्हणाली, "उद्याच्या गाडीनं निघू. तितं डाक्टरापुढं पयलं तोंड म्या उघडते. मंग तुमाला भेव वाटायचं न्हाई."