नमुना अर्ज

सायंशाखेत एक जागा उरली होती. ती आज पाचच्या आत भरली नाही तर गेल्या वर्षीसारखी रद्द होणार होती. आणि यंदा काहीही होवो, जागा रद्द होऊ द्यायची नाही, हे खिडकीताईंनी सकाळी डबा भरतानाच ठरवून टाकलं होतं.

खिडकीताई म्हणजे कॉलेजच्या प्रवेश-कार्यालयातल्या मुख्य कारकून. बावीस वर्षं खिडकीमागे बसून त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. गेल्या वर्षी जागा वाया गेली ती अर्जातल्या एका चौकटीपायी. पहिल्याच पानावर ती होती: अर्जदार कोणत्या वंशाचा, तिथे खूण करा. प्रवेश-समितीतले इतिहासाचे सर म्हणत, ती चौकट आधी बघा. गणिताच्या मॅडम म्हणत, ती बघूच नका.

"पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना फाटकाबाहेर उभं ठेवलं, त्यांच्या लेकरांना दोन पावलं पुढे घेतलं तर बिघडलं कुठे?" सर विचारायचे.

"आणि उद्या त्याच लेकराला वर्गात म्हणतील, हा चौकटीतून आला! मग त्याच्या मेहनतीचं काय?" मॅडम म्हणायच्या.

दोघंही अगदी मनापासून बोलत, हीच तर पंचाईत होती. गेल्या वर्षी ते पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत मनापासून बोलले. तोवर खिडकीबाहेर एक मुलगी लाल दप्तर छातीशी धरून उभी होती. यंदा तिला दुसरीकडे प्रवेश मिळाला, पण ताईंच्या डोळ्यांसमोरून ते दप्तर काही हलत नव्हतं.

म्हणून सकाळी दहाला ताईंनी प्राचार्यांना गाठलं. "साहेब, चौकट झाकून टाकू. दिसलीच नाही तर दोघं भांडतील कशावरून?"

प्राचार्यांना शांतता प्रिय होती. त्यांनी ताबडतोब मान डोलावली. ताईंनी लगेहात तीन नियमही सही करून घेतले. एक, निवडलेला अर्ज उघडल्यावर निर्णय बदलायचा नाही. दोन, बैठकीत कार्यालयाच्या माणसाने तोंड उघडायचं नाही. तीन, निवडलेल्याने पाचच्या आत खिडकीवर येऊन सही करायची. मग त्या कागदी पट्ट्या आणि डिंक घेऊन टेबलाशी बसल्या, आणि त्यांनी शिपाईकाकांना हाक मारली. हे काका म्हणजे दिलेला हुकूम शब्दशः पाळणारा माणूस.

"काका, जिथे जिथे ती चौकट दिसेल, तिथे तिथे पट्टी. निम्मे तुम्ही, निम्मे मी."

दहा मिनिटांत काकांनी मान वर केली. "ताई, चौकट झाकली, पण नावावरून कळतंच की."

"मग नाव झाका."

"पत्ता? कुठल्या गल्लीत कोण राहतं ते सगळ्यांना ठाऊक आहे."

"पत्ता झाका."

"फोटो?"

ताईंनी असं काही बघितलं की काकांनी उत्तराची वाट न बघता फोटोवर दोन पट्ट्या मारल्या. मग शाळा गेली, जन्मगाव गेलं, वडिलांचा धंदा गेला.

"ह्या एकाने लिहिलंय, आजी मला तिच्या भाषेत गोष्टी सांगायची," काका म्हणाले. "भाषेवरून वंश कळेल."

"आजी झाका," ताई म्हणाल्या.

तीनपर्यंत काम उरकलं. नोंदवहीत चाळीस अर्ज होते, गठ्ठ्यात एक्केचाळीस भरले. टपालाने एखादा उशिरा आला असेल, असं म्हणून ताईंनी गठ्ठा उचलला. फलकावर दोरीने टांगलेला नमुना अर्ज जागेवर नाही, हे जाताना त्यांच्या लक्षात आलं. कुणीतरी बघायला नेला असेल. नेणारच, नमुना होताच तसा. लोक नमुन्यात जी ओळ रिकामी दिसेल ती स्वतःही रिकामी ठेवत. म्हणून ताईंनी तो स्वतःच्या नावाने वळणदार अक्षरात भरला होता. स्वतःचे शाळेतले गुण, स्वतःची सही, आणि शिक्का कुठे येतो ते कळावं म्हणून शिक्कासुद्धा.

चार वाजता समिती बसली. प्राचार्य मधे, सर आणि मॅडम दोन टोकांना, आणि कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला ताई. अर्जांवर आता गुण आणि 'मला का शिकायचं आहे' एवढंच उरलं होतं, त्यातही आज्या वगैरे गेल्यामुळे जागोजाग भगदाडं होती.

"हा बघा," सर एक अर्ज उचलून म्हणाले, "'मला पट्टी व्हायचं आहे, कारण आमच्या पट्टीत आजवर कुणीच पट्टी झालं नाही.' ह्यावरून काय ठरवायचं?"

"सर, कागद उजेडाकडे धरायचा नाही."

"मी चष्मा पुसत होतो, मॅडम."

"चष्मा तुमच्या नाकावर आहे."

साडेचार झाले. ताईंचं सगळं लक्ष घड्याळाकडे. तेवढ्यात सरांनी आणखी एक अर्ज काढला आणि मोठ्याने वाचायला घेतला. "'तेव्हा मी अठराची होते. खिडकीतल्या माणसाने माझ्या अर्जातली एकच ओळ वाचली आणि कागद परत सरकवला. बाकीच्या ओळी मी फार मन लावून लिहिल्या होत्या. त्या कुणीतरी वाचाव्यात, म्हणून मला शिकायचं आहे.'"

ताईंचं पेन जागच्या जागी थांबलं आणि कान गरम झाले. ही वाक्यं त्यांची होती. एका दुपारी, खिडकीवर कुणी नसताना, त्यांनी ती लिहून टाकली होती. नमुना शेवटपर्यंत कोण वाचतो?

"चौकट बघून हाकललेलं लेकरू आहे हे!" सरांचा आवाज भरून आला. "माझं म्हणणं ह्याहून वेगळं काय आहे? ही जागा हिचीच."

"अहो, एकच ओळ बघून माणूस ठरवू नका, हेच तर ती सांगतेय! माझंच म्हणणं आहे ते," मॅडम म्हणाल्या. "आणि गुण बघा. ही जागा हिचीच."

"सर, तो अर्ज—" ताई उठल्या.

"ताई, नियम दोन," सर म्हणाले.

"अहो मॅडम, पण तो—"

"नियम दोन, ताई. तुम्हीच केलाय ना?"

"साहेब, माझं एक—"

"ताई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्या दोघांचं एकमत झालंय," प्राचार्य जवळजवळ हात जोडून म्हणाले. "कृपा करा." आणि तिघांनी सह्या ठोकल्या.

पट्ट्या निघाल्या. मॅडमनी नावाची काढली, सरांनी घाईघाईने चौकटीची. मॅडमनी नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि कोपऱ्याकडे बघितलं. चौकटीत खूण नव्हतीच. तिथे वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'येथे खूण करावी.'

"तिथे मी खूण केली की सगळे तीच करतात," ताई कशाबशा म्हणाल्या. "तो नमुना आहे. फलकावरचा. काका!"

दारात उभे असलेले काका म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना, जिथे जिथे चौकट दिसेल तिथे तिथे. फलकावर पण दिसत होती."

सर आणि मॅडम ताईंच्या तोंडाकडे बघत राहिले. बावीस वर्षं रोज नमस्कार होत होता, पण ताईंना कॉलेजात शिकायचं होतं का, हे दोघांपैकी कुणी कधी विचारलं नव्हतं. दोघांनाही त्याची लाज वाटली.

"रद्द करा साहेब," ताई म्हणाल्या. "कुणा तरी पोराची जागा आहे ती."

प्राचार्यांनी नियमावली चाळली. "उरलेल्या सगळ्यांना पुढच्या फेरीत दुसऱ्या शाखा आहेत. वयाची अट नाही. कर्मचाऱ्याला मनाई नाही. शिक्का आहे, सही आहे. आणि तुमच्याच नियमाने निर्णय बदलता येत नाही. हा अर्ज रद्द, तर जागा रद्द. पाचला सात कमी आहेत, ताई."

ताईंना ते लाल दप्तर आठवलं. मग त्याच्याही मागची, तशीच छातीशी कागद धरून उभी राहिलेली अठरा वर्षांची एक मुलगी आठवली. जागा रद्द होऊ द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. ती भरायची कुणी, ते ठरवायचं राहून गेलं होतं.

"काका, खिडकीत बसा," त्या म्हणाल्या आणि तरातरा वळसा घालून बाहेर गेल्या.

बाहेरून खिडकी भलतीच उंच वाटत होती. आत काकांनी ताईंची खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला आणि पट्ट्यांनी खराब झालेल्या नमुन्याऐवजी कोरा अर्ज सरकवला. ताईंनी तो उभ्याउभ्या भरला, चौकटीतसुद्धा स्वतःची खूण केली, एकही ओळ सोडली नाही. पाचला दोन कमी असताना कागद आत गेला. काका पहिल्या ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचू लागले.

"काय करताय काका?"

"तुमचीच तक्रार होती ना ताई, खिडकीतला माणूस एकच ओळ वाचतो? मी सगळ्या वाचणार."

ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी गजांतून हात आत घातला आणि शिक्का काकांच्या पुढ्यात आपटला.

"आधी शिक्का मारा! वाचा नंतर!"