बन्सीलालभाऊंचं छत

सावद्याच्या बन्सीलालभाऊंनी बैठकीला पीओपीचं छत करून घेतलं, तेव्हा भुसावळचे व्याही चंदनराव वर बघून एवढंच म्हणाले होते, "पुठ्ठा दिसतो हा!" तेव्हापासून भाऊंना जेवण गोड लागत नव्हतं. आज व्याही पुन्हा येणार, म्हणून भाऊंनी शेतातून केळीच्या टेकूचा बांबू आणला आणि कोपऱ्यातलं जाळं काढायला घेतलं. घडाखाली टेकू देताना लावतात तेवढाच जोर लावला. छताला लिंबाएवढं भोक पडलं.

"निघालं का जाळं?" ललिताबाईंनी नवऱ्याला विचारलं.

कारागीर बबलू नरडाण्याला कामावर होता. फोनवर म्हणाला, "सोपं हे भाऊ. भोकात जाळीचा तुकडा बसवा, पीओपी कालवून भरा अन् दहा मिनिटं तळहातानं दाबून धरा. हात काढला की गेलं!"

भाऊ स्टुलावर चढले, गोळा भरला, तळहात दाबला. दुसऱ्याच मिनिटाला व्याही दारात! ठरल्या वेळेच्या चांगलं तासभर आधी.

"हे काय करून राह्यले व्याही?"

हात काढावा तर गोळा खाली आणि त्यामागोमाग अब्रू. "काही नाही, उभा आहे जरा."

"स्टुलावर?"

"इथं वारा बरा लागतो."

चंदनरावांनी वर पाहिलं. भाऊंच्या कोपरावरून पांढरं पाणी ओघळत होतं.

"अरे बापरे, छत पडून राह्यलं! अन् एकटे धरून उभे तुम्ही? थांबा, मी इकडून धरतो!"

रेल्वेत वाघिणी जोडण्यात हयात गेलेला गडी. बुटासकट दिवाणावर चढला, दोन्ही हात वर लावले आणि "हुं!" करून असा रेटा दिला की उजवा हात मनगटापर्यंत छतात गेला. त्या हादऱ्यानं भाऊंचा गोळाही सुटला आणि थप्पकन फरशीवर आला.

आता छताला दोन भोकं. एकात चंदनरावांचा हात.

"व्याही," ते खोल आवाजात म्हणाले, "तिकडचंही माझ्याच रेट्यानं पडलं का हो?"

ललिताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पंख्याकडे पाहिलं.

"जाऊ द्या," भाऊ मोठ्या मनानं म्हणाले. "तुम्ही काय मुद्दाम केलं? तुमच्या ताकदीपुढं स्लॅब टिकला नसता."

चंदनराव अगदी काकुळतीला आले. "विहीणबाई, कोणाला सांगू नका बरं!"

"कोणाला सांगू?" ललिताबाई केरसुणी हातात घेत म्हणाल्या, "अन् कोणाकोणाचं सांगू?"