पाण्याचं ते पाण्याला

दोष दिनानाथकाकाचा. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण आमच्या घरात दोष वाटायची वेळ आली की सगळी मोठी माणसं एकदम हात धुवायला उठतात आणि पंगतीत मी एकटा उरतो.

काका म्हणजे माझ्या बाबाचा थोरला भाऊ, रिटायर्ड हेडमास्तर. जन्मभर पोरांना वर्गात कोंडलं आणि पेन्शन सुरू झाल्यावर त्याला साक्षात्कार झाला की मुलांनी मोकळ्या निसर्गात शिकलं पाहिजे. (मी त्याच्याच वर्गात होतो. खिडकीतून निसर्ग बघितला म्हणून अंगठे धरून उभा होतो. असो.) तर या मे महिन्यात चिंचणीला आमच्या घरामागच्या सुरूच्या झाडांत त्याचं 'बाल निसर्ग शिबिर' सुरू झालं. बोईसरच्या सोसायट्यांतली बालवाडीची पोरं सकाळी त्यांच्या आया व्हॅनने सोडून जायच्या आणि दुपारी पोरं खिशांतून आमचा किनारा घेऊन परत जायची.

त्याच झाडांच्या कडेला माझे बोंबील सुकत होते.

माझे. हा शब्द नीट वाचा. इंजिनियरिंग दुसऱ्या वर्षात सोडल्यापासून या घरात माझं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. बाबाने साफ सांगितलं होतं, "या सीझनचे सगळे बोंबील तुझे. मे संपायच्या आत विकून दाखव, मग कॉलेजचं नाव काढनार नाय. नायतर जूनमध्ये गपगुमान जाऊन बाकावर बसायचं." मी आयकडून बोंबील बांधायला शिकलो. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टांगायची. हाताला दात लागतात, आठवडाभर बोटांचा वास जात नाही, पण कॉलेजपेक्षा बरं. दोऱ्यासुद्धा मी माझ्या डोक्याने बांधल्या, जरा खाली. आय म्हणाली, "येवढ्या खाली नको रे, कुत्री खातील." पण वर बांधल्या तर इन्स्टाच्या फोटोत समुद्र मावत नव्हता.

त्या दिवशी काकाचा धडा होता, 'निसर्गाचं देणं'. पोरांनी गोळा केलेले शंख, जिवंत खेकडे, शेवाळ सगळं परत समुद्रात सोडायचं. सोडताना एका सुरात ओरडायचं, "पाण्याचं ते पाण्याला!" सकाळभर ती आरोळी ऐकून माझं डोकं उठलं.

जेवण झाल्यावर काका बाजेवर आडवा झाला.

"मेहुल, अर्धा तास पोरांकडे बघ."

"मला काम हाय."

"काम? तुला?" काका एवढा हसला की बाज करकरली. "बस तिथं. आणि ओरडू नको त्यांच्यावर. मुलांना कुंपण घालू नये."

बसलो. (नाही म्हणायचं ही माझी खासियत. ती नेमकी त्या दिवशी चालली नाही.) आणि फोन वाजला. मनोरच्या हायवेवरचा ढाबेवाला! त्याला मी महिनाभर मागे लागून पिडला होता. आमच्या झाडांत रेंज म्हणजे नशिबाची गोष्ट, म्हणून बोलत बोलत रस्त्यापर्यंत गेलो.

"भाई, माल पूरा सूखा है ना?"

"एकदम कडक होईल, शेठ. दोन उन्हं बाकी."

"तो पूरा मैं उठाता हूँ. किसी और को मत देना."

पूरा! मी रस्त्यातच नाचलो. बाबाचं तोंड कसं होईल ते डोळ्यांपुढे आलं. ते बघत बघत, जरा सावकाशच परत आलो.

झाडांखाली कुणी नव्हतं.

पोरांच्या चपला एका ओळीत मांडलेल्या होत्या. पाण्याच्या बाटल्या होत्या. पोरं नव्हती. वाळूत इवली इवली पावलं उमटली होती, आणि ती सगळी समुद्राकडे गेली होती. भरती लागलेली.

मी बाजेकडे पळालो. काकाला गदगदा हलवला.

"काका, पोरं कुठं हायत?"

"निसर्गात," काका डोळे न उघडता म्हणाला.

"अरे पन निसर्गात कुठं?"

"निसर्ग सगळीकडे असतो, मेहुल."

त्याला तिथेच टाकून धावलो. धावताना त्या सगळ्या आया दिसायला लागल्या, ज्यांनी सकाळी मला सांगितलं होतं, "दादा, ह्याला जरा सर्दी आहे हं, पाय भिजवू नका." पाय! मी देवाला म्हटलं, पोरं दे, बाकी काय हवं ते घे. (देवाशी बोलताना शब्द मोजून वापरावेत. मला कुणी शिकवलं नाही.)

खडकांच्या पलीकडे भरतीचं पाणी आधी साचतं, तिथे घोट्याएवढ्या पाण्यात ती सगळी उभी होती. मोजली. एक जास्त भरलं. पुन्हा मोजली, तरी जास्त. मग कळलं, टोपी घातलेला तो आमचा कुत्रा आहे. मी तिथेच वाळूत फतकल मारली आणि खोटं कशाला बोलू, रडलो.

एक पोर माझ्याजवळ आली. तिचं नाव पूर्वी, सगळ्यांची पुढारी.

"दादा, तू रडू नको. आम्ही त्यांना सोडवलं."

"कुणाला?"

"माशांना. ते एकमेकांना चावत होते आणि कुणीतरी त्यांना दोरीवर शिक्षा केली होती." मग तिने काळजीने पाण्याकडे बोट दाखवलं. "पण ते पोहतच नाहीत. घाबरलेत का?"

मी बघितलं. पाण्यावर माझा सगळा सीझन तरंगत होता. टोप्यांतून, फ्रॉकच्या ओच्यांतून, डब्यांतून आणलेला. एकेक जोडी नीट सोडवून. खडकावर बगळे पंगतीला बसले होते आणि कुत्रा टोपीसकट वाढपी झाला होता. तेवढ्यात मोठी लाट आली.

"पाण्याचं ते पाण्याला!" पोरं आनंदाने ओरडली.

मी जे ओरडलो ते लहान मुलांसमोर ओरडायचं नव्हतं. त्यातले दोन शब्द पूर्वीने लगेच पाठ केले.

आम्ही वर येईपर्यंत आया न्यायला आल्या होत्या. पूर्वीने सगळं सांगितलं. काका केस नीट करून उभा राहिला आणि हेडमास्तरी मराठीत म्हणाला, "पाहिलंत? करुणा ही पुस्तकातून येत नाही!" आयांनी टाळ्या वाजवल्या. एकीने व्हिडिओ काढला.

आय टोपली घेऊन दोऱ्यांजवळ उभी होती. तिची नजर फिरली: रिकाम्या दोऱ्या, रिकामा मी, परत दोऱ्या.

"भावोजी, बोंबील कुठं हायत?"

"हंसा, मुलं लहान हायत. जाऊ दे," काकाचं मराठी लगेच घरी परतलं. "लक्ष ठेवायला मेहुलला बसवलेला."

"आनि तू कुठं गेलेलास रं मेल्या?"

"बोंबील विकायला!"

"विकलेस?"

"सगळे."

आयने रिकामी टोपली माझ्या डोक्यावर पालथी घातली.

बाबा कंपनीतून शिफ्ट संपवून आला. मी तोंड उघडायच्या आत काकाने त्याला बाजूला घेतलं. दोघे भाऊ वीस मिनिटं कुजबुजले. मग बाबाने रिकाम्या दोरीला एक टिचकी मारली आणि आत चहा प्यायला गेला. जाता जाता म्हणाला, "दप्तर माळ्यावर हाय."

ढाबेवाल्याचा तो एक फोन मला पडला एका सीझनच्या बोंबलांना आणि इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पहिला राहिलेला पेपर पर्यावरणाचा आहे. शिकवणी काका घेतो.